न झालेल्या परीक्षेचे विद्यार्थी

माध्यमिक शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वर्गाच्या आठवणींना एक ठरावीक शेवट असतो. फेब्रुवारीतला निरोप समारंभ, मुख्याध्यापकांचे लांबलेले भाषण, वर्गशिक्षिकांचे भरून आलेले डोळे, वर्गणी काढून शाळेला भेट दिलेले भिंतीवरचे घड्याळ. आणि त्यानंतर मार्च महिन्यात परीक्षा केंद्राच्या फाटकाशी जमलेली पालकांची गर्दी. पंचवीस-तीस वर्षांनी भरणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यातही गप्पांची गाडी फिरून फिरून याच दोन स्थानकांवर येऊन थांबते. अकरावीच्या जुन्या मॅट्रिकची जागा घेणारी दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ साली झाली. तेव्हापासून राज्यातील प्रत्येक पिढीने शाळेचा निरोप याच वाटेने घेतला. अपवाद फक्त एका वर्गाचा. तो वर्ग २०२१ चा.

त्या वर्षी २९ एप्रिलपासून सुरू होणारी दहावीची परीक्षा करोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे प्रथम लांबणीवर पडली आणि २० एप्रिल रोजी ती रद्द करण्यात येत असल्याची घोषणा झाली. मंडळाच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते. १६ जुलै २०२१ रोजी निकाल लागला. त्या निकालात सुमारे पावणेसोळा लाख विद्यार्थी होते आणि उत्तीर्णांचे प्रमाण ९९.९५ टक्के होते. कोकण विभागाचा निकाल तर शंभर टक्के लागला. ९५७ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले. पेढे वाटले गेले, अभिनंदनाचे फलकही लागले. मात्र त्या आनंदाच्या कडेला एक संकोच उभा होता. ‘परीक्षा न देता पास’ हा शेरा त्या दिवसापासून या मुलांच्या मागे लागला, आणि ‘करोना बॅच’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले.

हे विद्यार्थी आता वयाची विशी गाठून पुढे निघाले आहेत. शाळेच्या दिवसांकडे वळून पाहण्याइतके अंतर आता पडले आहे. त्यांच्या माध्यमिक शाळेतील तीन वर्षांचा पट नीट मांडला, तर त्यात एका वर्गाच्या दुर्दैवापेक्षा मोठी गोष्ट दिसते. शाळेच्या शब्दावर राज्याचा विश्वास किती, या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे शासनाने याच तीन वर्षांत दिली आणि तिन्ही या वर्गाच्या डोळ्यांदेखत दिली.

पहिले वर्ष २०१८-१९. हा वर्ग आठवीत होता. बालभारतीची नवी पाठ्यपुस्तके त्याच जूनमध्ये आठवीच्या आणि दहावीच्या हाती एकदमच आली. दहावीच्या भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील शाळेच्या हातचे २० गुण त्या वर्षी काढून घेण्यात आले. तोंडी परीक्षेत आणि अंतर्गत मूल्यमापनात शाळा सढळ हाताने गुण देतात, हा आक्षेप जुनाच होता. परिणाम पुढच्या जूनमध्ये दिसला. २०१८ साली ८९.४१ टक्के असलेला दहावीचा निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर घसरला. या मुलांनी आपल्या शेजारच्या, वरच्या वर्गातल्या दादा-ताईंचे पडलेले चेहरे पाहून नववीत पाऊल टाकले.

दुसरे वर्ष २०१९-२०. इतर मंडळांची मुले अकरावीच्या प्रवेशात पुढे जातात, अशी ओरड झाल्यावर ते २० गुण शाळांना परत करण्यात आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी भूगोलाचा पेपर टाळेबंदीमुळे रद्द झाला होता व त्याचे गुण सरासरीने दिले गेले होते, हे खरे. तथापि एका वर्षात अठरा टक्क्यांची उडी केवळ भूगोलाने मारता येत नाही. वर्षभरात राज्यातील मुले अठरा टक्क्यांनी हुशार झाली नव्हती आणि त्याच्या आदल्या वर्षी ती बारा टक्क्यांनी मंदही झाली नव्हती. बदलली होती ती मोजपट्टी.

तिसरे वर्ष २०२०-२१. हा वर्ग स्वतः दहावीत होता. या वेळी शाळेच्या हाती शून्य नाही, वीसही नाही, तर शंभरच्या शंभर गुण आले. दहावीच्या वर्षभरातील अंतर्गत मूल्यमापनाला ३० गुण, गृहपाठ, तोंडी व प्रात्यक्षिकांना २० गुण आणि नववीच्या अंतिम निकालाला ५० गुण, असे सूत्र ठरले. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली निकाल समिती नेमण्यात आली. ज्या शिक्षकांच्या वीस गुणांवर दोन वर्षांपूर्वी शासनाचा भरवसा नव्हता, त्यांच्याच लेखणीवर आता पावणेसोळा लाख मुलांची गुणपत्रिका सोपवण्यात आली. दुसरा पर्याय त्या महामारीत नव्हता, हे मान्य करावे लागेल. एप्रिल २०२१ मध्ये रुग्णालयांत खाटा मिळत नव्हत्या. अशा वेळी लाखो मुलांना केंद्रांवर बोलावणे कोणत्याही शासनाला परवडले नसते. प्रश्न निर्णयाचा नाही. निर्णयाच्या दिवशी शाळांकडे विश्वासार्ह नोंदींची शिदोरी किती होती, हा प्रश्न आहे.

या सूत्रातील नववीच्या ५० गुणांकडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. मार्च २०२० च्या मध्यास शाळा बंद झाल्या आणि नववीच्या दुसऱ्या सत्राची परीक्षा झालीच नाही. नववीचा निकाल प्रामुख्याने पहिल्या सत्राची परीक्षा आणि तोवर झालेल्या चाचण्या यांवरून लावण्यात आला. म्हणजे २०२१ च्या दहावीच्या गुणपत्रिकेतील निम्मे वजन २०१९ च्या दिवाळीपूर्वी झालेल्या सहामाहीकडे झुकले. त्या सहामाहीला बसताना कोणत्याही विद्यार्थ्याला, शिक्षकाला वा पालकाला कल्पना नव्हती की हीच शालान्त परीक्षा आहे. नववीची सहामाही म्हणजे मराठी घरांत काहीशी हलक्याने घेण्याची गोष्ट. ‘दहावीला कस लावू’ असे म्हणून सोडून देण्याची. अभ्यासाला उशिरा लागणारी, शेवटच्या तीन महिन्यांत मुसंडी मारणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. या वर्गातील अशा मुलांना मुसंडी मारायला मैदानच मिळाले नाही.

सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत तर या सहामाहीची आणखी एक कथा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेला महापूर आला. गावेच्या गावे पाण्याखाली गेली, शाळांमध्ये पूरग्रस्तांचे संसार थाटले गेले, वह्या-पुस्तके चिखलात गेली. पाणी ओसरल्यावर काही आठवड्यांतच तेथील नववीच्या मुलांनी सहामाही दिली. पुढे दोन वर्षांनी तिचे गुण शालान्त प्रमाणपत्राच्या पोटात जाऊन बसले. महापूर आणि महामारी या दोन आपत्तींची बेरीज एका गुणपत्रिकेत झाली आणि त्या कागदावर त्याची कोठेही नोंद नाही.

दहावीच्या वर्षाच्या आठवणी विचारल्या, तर या वर्गाची उत्तरे गावागणिक आणि घरागणिक बदलतात. एरवी शाळेच्या आठवणी सर्वांच्या सारख्या असतात, कारण वर्ग एकच, फळा एकच, मधल्या सुट्टीचा नळही एकच असतो. या वर्षी प्रत्येकाची शाळा निराळी होती. कोणाची शाळा स्वतंत्र खोलीत, लॅपटॉपवर भरली. कोणाची शाळा वडील संध्याकाळी कामावरून परतल्यावर, त्यांच्या मोबाइलवर भरली. दोन भावंडांत एक फोन असलेल्या घरात थोरल्याची दहावी म्हणून धाकट्याचे वर्ग बुडाले. डोंगराळ भागात रेंज मिळेल त्या टेकाडावर मुले जाऊन बसली. ग्रामीण भागाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या सप्टेंबर २०२० मधील अहवालानुसार देशात शाळेत नाव असलेल्या सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०१८ मध्ये हेच प्रमाण सुमारे साडेछत्तीस टक्के होते. म्हणजे दोन वर्षांत मोठी वाढ होऊनही दहापैकी जवळजवळ चार मुलांच्या घरी ऑनलाइन शाळेचे दारच नव्हते. आणि घरात फोन असणे म्हणजे तो मुलाच्या हाती असणे नव्हे.

शासनाने जुलै २०२० मध्ये अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी केला. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग सुरू करण्यास परवानगी मिळाली; मात्र अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपवल्याने काही जिल्ह्यांत घंटा वाजली, तर काही ठिकाणी ती मुकीच राहिली. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाले, तोवर ही मुले शाळा सोडून गेली होती. त्यांच्यापैकी कित्येकांनी शाळेची इमारत शेवटची पाहिली ती नववीत, मार्चमधल्या एका साध्या शाळेच्या दिवशी. आपण शेवटचा निरोप घेत आहोत, हे त्या दिवशी कोणाला ठाऊक नव्हते. प्रयोगशाळेतील परीक्षानळीला हात न लावता विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांचे गुण मिळाले. स्नेहसंमेलन नाही, सहल नाही, क्रीडास्पर्धा नाहीत. मुलींच्या आठवणींत आणखी एक गोष्ट ठळक असते. शाळा हे घरकामातून मिळणारे सहा तासांचे मोकळेपण होते. ते गेले आणि पाणी, चूल, धाकटी भावंडे यांच्या मधल्या वेळेत दहावी बसवावी लागली.

येथे कायद्याची एक त्रुटी ध्यानात घ्यायला हवी. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षे वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत मुलाचे बोट धरतो. हा वर्ग २०१९ मध्ये आठवी उत्तीर्ण होऊन त्या छत्राबाहेर पडला आणि दहा महिन्यांत शाळा बंद झाल्या. म्हणजे ज्या दोन वर्षांत आधाराची सर्वाधिक गरज होती, त्या दोन वर्षांत कायद्याचा हात सुटलेला होता. गरीब घरात नववी-दहावी हीच गळतीची वर्षे. मुलगा कामाला लागतो, मुलीचे लग्न ठरते. ९९.९५ टक्क्यांच्या निकालात केवळ नोंदणी झालेल्यांची गणती असते. नोंदणीपर्यंत पोहोचलेच नाहीत, त्यांची टक्केवारी कोणत्याही निकालपत्रात छापली जात नाही.

निकालानंतर शाळेच्या शब्दाची खरी किंमत उघड झाली. सर्वांनाच भरघोस गुण मिळाल्याने अकरावीच्या प्रवेशाचा पेच उभा राहिला. त्यावर उपाय म्हणून शासनाने २१ ऑगस्ट २०२१ रोजी होणारी शंभर गुणांची सामाईक प्रवेश परीक्षा जाहीर केली. ती ऐच्छिक होती, पण देणाऱ्यांना प्रवेशात प्राधान्य होते आणि ती राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर बेतलेली होती. इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांवर त्यामुळे अन्याय होतो, तसेच लसीकरण न झालेल्या मुलांना परीक्षा केंद्रावर बोलावणे धोक्याचे आहे, असे मत नोंदवत मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट रोजी ती रद्द केली. प्रवेश दहावीच्या गुणांवरच झाले. न्यायालयाचा निर्णय रास्त होता. पण या परीक्षेच्या प्रस्तावातून शासनाने एक कबुली देऊन टाकली होती. आपणच सूत्र ठरवून, आपल्याच शाळांकडून तयार करवून घेतलेल्या गुणांवर महिनाभरानंतर प्रवेश देण्याची शासनाचीही तयारी नव्हती.

महाविद्यालयातही या वर्गाची साडेसाती संपली नाही. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. खेड्यातून तालुक्याच्या गावी अकरावीला जाणाऱ्या मुलांसाठी, विशेषतः मोफत पासावर प्रवास करणाऱ्या मुलींसाठी, एसटी बंद म्हणजे महाविद्यालय बंद. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत वर्ग पुन्हा दोन आठवडे बंद राहिले. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी या वर्गाने आयुष्यातील पहिला बोर्डाचा पेपर हातात घेतला, तो बारावीच्या इंग्रजीचा. त्यातही कवितेवरील प्रश्नांत छपाईची चूक निघाली आणि मंडळाला सहा गुण देण्याचा निर्णय घ्यावा लागला.

त्या परीक्षेचा निकाल मात्र विचार करायला लावणारा आहे. २०२३ च्या बारावीला सुमारे १४ लाख नियमित विद्यार्थी बसले आणि ९१.२५ टक्के उत्तीर्ण झाले. अभ्यासक्रम पूर्ण होता, करोनाकाळातील सवलती संपल्या होत्या. महामारीपूर्वी पेपर दिलेल्या २०२० च्या बारावीचा निकाल ९०.६६ टक्के होता. म्हणजे दहावीची परीक्षा न दिलेल्या या वर्गाने बारावीत, दहावीची रीतसर परीक्षा दिलेल्या आधीच्या वर्गाइतकेच यश मिळवले. अर्थात या आकड्याने हुरळून जाण्याचे कारण नाही. बारावीपर्यंत टिकून राहिलेल्यांचाच हा निकाल आहे. मधल्या वाटेवर कोणी आयटीआयला गेले, कोणी पदविकेला, कोणी कामाला. शिवाय उत्तीर्ण होणे आणि शिकणे यांत अंतर असते. तरीही ‘करोना बॅच’ म्हणून ज्यांची हेटाळणी झाली, त्यांनी मिळालेल्या पहिल्याच संधीत आपले पाणी दाखवले, एवढे मान्य करावेच लागेल. ९९.९५ या आकड्याने त्यांच्याविषयी काहीच सांगितले नव्हते. त्याने त्यांची हुशारीही सिद्ध केली नाही आणि त्यांचा कमकुवतपणाही.

हा केवळ स्मरणरंजनाचा विषय नाही, कारण दहावीची गुणपत्रिका आयुष्यभर पुरते. जन्मतारखेचा दाखला म्हणून ती चालते आणि नोकरीच्या अर्जातही तिची टक्केवारी विचारली जाते. टपाल खात्यातील ग्रामीण डाक सेवकांची निवड तर स्वतंत्र परीक्षेविना, दहावीच्या गुणांच्या यादीवरून होते. अशा यादीत २०१९ चा, कठोर मोजपट्टीने मोजलेला मुलगा आणि २०२१ चा, उदार हाताने मोजलेली मुलगी शेजारी शेजारी उभे केले जातात. यात २०१९ च्या मुलावर अन्याय होतो, हे उघड आहे. पण २०२१ च्या ज्या मुलीने खरोखर रात्रीचा दिवस करून अभ्यास केला, तिच्यावरही तो होतोच. कारण तिचे नव्वद टक्के आणि सहज पडलेले नव्वद टक्के यांत फरक करण्याचे साधन कोणाकडे नाही. गुण स्वस्त झाले, की पहिली झळ कष्टाने गुण मिळवणाऱ्यालाच बसते.

मग यातून घ्यायचे काय? शाळेच्या हाती गुण देऊच नयेत, हा २०१८ चा मार्ग झाला आणि त्याचे फळ दिसले. ते आंधळेपणाने द्यावेत, हा दुसरा मार्ग. त्याचेही फळ दिसले. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण बोर्डाच्या परीक्षेचे ओझे कमी करण्याची आणि वर्षभराच्या मूल्यमापनाला महत्त्व देण्याची भाषा करते. दिशा योग्य आहे, पण त्या वाटेवरून जाण्यापूर्वी शाळेने दिलेल्या गुणाला पत मिळवून द्यावी लागेल. ती फर्मानाने मिळत नाही. साठ-सत्तर मुलांच्या तुकडीत तोंडी परीक्षा एका तासिकेत उरकली जाते, तोवर त्या गुणांत अर्थ येणार नाही. प्रात्यक्षिक प्रत्यक्ष झाले की वहीत उतरवले गेले, हे बाहेरच्या शिक्षकाने अधूनमधून येऊन पाहिले पाहिजे. शाळेचे अंतर्गत गुण आणि लेखी परीक्षेतील गुण यांची तफावत दरवर्षी तपासून शाळेसमोर ठेवली, तरी सढळ हात आपोआप आखडेल. आणि शंभर टक्के निकालाच्या फलकासाठी शिक्षकांवर येणारा संस्थाचालकांचा दबाव हे या साऱ्या दुखण्याचे मूळ आहे, हे उघडपणे बोलले गेले पाहिजे. प्रामाणिकपणे कमी गुण देणाऱ्या शिक्षकाला आज कोणाचेही संरक्षण नाही.

२०२१ च्या वर्गाकडे निरोप समारंभाचे छायाचित्र बहुधा नाही, आणि परीक्षा केंद्राबाहेरच्या आठवणीही नाहीत. त्यांच्या आठवणींत आहे तो एक रिकामा फळा आणि मोबाइलच्या पडद्यावर मधूनच गोठणारा शिक्षकांचा चेहरा. जे गेले ते त्यांना परत देता येणार नाही. मात्र महापूर, साथ, अतिवृष्टी या गोष्टी पुन्हा येणार नाहीत, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पुढे केव्हातरी एखाद्या जिल्ह्याची, एखाद्या तालुक्याची परीक्षा अशीच हुकेल. त्या दिवशी शाळेने आपल्या मुलांविषयी दिलेला शब्द महाविद्यालयाने, नोकरी देणाऱ्याने आणि शेजाऱ्यानेही शंका न घेता मानावा, अशी व्यवस्था तोवर उभी राहिली, तर या वर्गाने सोसलेल्या दोन वर्षांतून काही शिकलो असे म्हणता येईल. नाही तर आणखी एका वर्गाला आपल्याच गुणपत्रिकेबद्दल ओशाळे व्हावे लागेल, आणि त्यात दोष त्या मुलांचा नसेल.